डब्याकडे हात जाण्याआधी

साहित्य : खिशात मावेल अशी वही, पेन, एक ताटली, एक खुर्ची. वजनकाटा माळ्यावर टाका, आठवड्यातून एकदाच खाली काढायचा आहे.

जेवण झालेलं असतं, पोट भरलेलं असतं, तरी हात डब्यात जातो आणि थांबता थांबत नाही. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आल्बर्ट स्टंकार्ड यांनी लठ्ठ रुग्णांमधल्या अशा खाण्याबद्दल १९५९ मध्ये लिहिलं होतं. तिथल्या मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र आजार म्हणून त्याला जागा मिळायला मात्र २०१३ उजाडलं. वजन जास्त असलेल्या प्रत्येकाला हा त्रास असतो असं नाही. मला होता.

पहिले दोन आठवडे लिहायचं. काय खाल्लं, किती वाजता, बसून की उभ्याने, आणि त्याआधी काय झालं. कॅलरी लिहू नका. रात्री आठवून लिहिलेलं उपयोगाचं नाही, मन तोवर सारवासारव करतं. माझ्या वहीतली एक नोंद : ‘रात्री ११.२०. ओट्याशी उभी. चिवडा, अर्धा डबा. मग वाटीतलं उरलेलं श्रीखंड, बोटानेच. आधी : आत्याबाईंचा फोन. "अजून तशीच आहेस का गं?"’ चिवड्याचं कारण चिवड्याच्या डब्यात नव्हतं, हे मला ती ओळ चार दिवसांनी वाचल्यावर कळलं.

याच दोन आठवड्यांत खाण्याच्या वेळा बांधून घ्या. तीन जेवणं, मध्ये दोनदा थोडं काही, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नको. वजन उतरवायला निघालेल्याला हे उलटं वाटतं. पण दिवसभर चहावर राहिलेला माणूस रात्री भावनांशी काय लढणार? मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मग वही वाचा. ‘कसंतरी होत होतं’ असं लिहिलं असेल तर ते खोडून नेमका शब्द शोधा : राग, अपमान, कंटाळा, एकटेपणा, धास्ती, नुसता थकवा. उपाय त्या शब्दावर ठरतो. थकव्याला झोप लागते. कंटाळा चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन आलं की बराचसा उतरतो. अपमान सगळ्यात चिवट. मी आत्याबाईंना कधीही न पाठवायची पत्रं लिहिते, एकदोन तर फार सुंदर उतरली आहेत.

ऐन वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारा : आत्ता पोळी-भाजी दिली तर खाईन का? हो असेल तर ती भूक आहे, जेवा. पोळी नको, चिवडाच हवा असेल तर घड्याळ बघा आणि वीस मिनिटं स्वयंपाकघराबाहेर काढा. ऊर्मी चढते तशी ओसरतेही. नाहीच ओसरली, तर ताटलीत काढून घ्या, डबा बंद करा, खुर्चीवर बसून खा. यात हार वगैरे काही नाही.

तरी एखादी रात्र हातची जातेच. दुसऱ्या दिवशी उपास करायचा नाही. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. प्रायश्चित्ताचा उपास पुढच्या रात्रीची तयारी करून ठेवतो. सकाळी नेहमीच्या वेळी पोहे खा आणि रात्रीची नोंद राहिली असेल तर लिहा.

तीन महिने, आठवड्यातून एकदा तरी खाण्यावरचा ताबा सुटत असेल तर वहीवर भागवू नका, मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या समुपदेशनाचा या आजारात चांगला उपयोग होतो. खाल्लेलं ओकून काढणं किंवा जुलाबाची औषधं घेणं सुरू झालं असेल, तर तीन महिने थांबायचं नाही, याच आठवड्यात जा. कुठे जायचं सुचत नसेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. जाताना वही बरोबर न्या. पहिल्या भेटीत तोंडाने सांगायला जे जड जातं, ते डॉक्टरांना वाचायला देता येतं.