किरणोत्सारी स्रोत : मालमत्ता की दायित्व?

आपल्या रुग्णालयातील जुन्या कोबाल्ट यंत्रावरील उपचार बंद झाल्यावर विश्वस्तांच्या सभेत एका सन्माननीय सदस्यांनी प्रश्न उपस्थित केला : "ताळेबंदात यंत्राचे मूल्य शून्य आहे, मग ते भंगारात काढून खोली मोकळी का करीत नाही?" वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्याने प्रथमदर्शनी मलाही तो रास्त वाटला होता. म्हणूनच हे टिपण.

कोबाल्ट-६० ची किरणोत्सारिता सुमारे ५.२७ वर्षांत निम्मी होते व पुढील तितक्याच काळात उरलेल्याची निम्मी. हिशेबनिसांच्या परिचयाची घटत्या शिलकेवरील घसारा पद्धतच ही! तीत शिल्लक घटत जाते, पण शून्य होत नाही. उपचारास अपुरा पडणारा स्रोत उघड्यावर आल्यास घातक ठरतो, तो यामुळेच.

दिल्ली विद्यापीठातील एक कोबाल्ट उपकरण १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याचा लिलाव झाला व ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचून तोडले गेले. पंचवीस वर्षांत त्याची तीव्रता सुमारे सत्ताविसाव्या हिश्श्यावर आली होती. तरीही एका कामगाराचा मृत्यू झाला व इतर अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

ब्राझीलमधील गोयानियाची घटना तर आमच्यासारख्या संस्थांच्या अधिकच जवळची आहे. तेथील एका खासगी उपचार केंद्राने स्थलांतर करताना सीझियम-१३७ चे यंत्र जुन्या इमारतीतच सोडले. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघांनी त्याचा भाग काढून नेला. पुढे आतील भुकटी अंधारात निळसर चमकते, या कौतुकाने ती आप्तेष्टांत वाटली गेली. चौघे दगावले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. लाखाहून अधिक नागरिकांची तपासणी करावी लागली.

आपल्या देशात १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना झाली व २००४ साली किरणोत्सार संरक्षणाचे सविस्तर नियम आले. परवान्याविना स्रोत बाळगता येत नाही आणि मंडळाच्या संमतीविना तो हलविता वा निकालात काढता येत नाही. मान्यताप्राप्त सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. कर्मचाऱ्यांच्या छातीवरील बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासणीस जातो. त्यांच्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वार्षिक २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. पूर्वी ही कागदपत्रे मला निव्वळ जाच वाटत. गोयानियाची हकिगत वाचल्यापासून तशी तक्रार केलेली नाही.

बंद दालनावरील पिवळी खूण पाहून नातेवाईक धास्तावतात. कोबाल्ट यंत्रावर बाहेरून उपचार घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात किरणोत्सार उरत नाही. घरी मुलांना जवळ घेण्यास कोणतीही हरकत नाही.

राहिला प्रश्न खर्चाचा. नव्या यंत्राच्या दालनावर दात्याचे नाव कोरता येते. जुना स्रोत परत पाठविण्याच्या खर्चावर कोणाचे कोरणार? त्यासाठी खास कवचपेटी, वाहतूक व तज्ज्ञांचे काम लागते, आणि अशा कामास देणगी मागताना संकोच वाटतो, हे मान्य करतो. यंदाच्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र शीर्ष उघडले आहे. स्रोत रवाना होईपर्यंत खोलीची किल्ली सुरक्षा अधिकाऱ्यांकडेच राहील आणि नोंदवहीत प्रत्येक मोजणीखाली त्यांची सही होत राहील.