विद्यार्थ्यांची वनयात्रा आणि भीमाशंकरचे रान

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या की शैक्षणिक सहलींचे बेत आखले जाऊ लागतात. किल्ले, धरणे, लेणी यांच्या जोडीला जंगलातील पदभ्रमणाचाही समावेश या सहलींत होऊ लागला आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि किल्ल्यावर जाणे आणि जंगलात जाणे यांत फरक आहे. किल्ल्याचा तट पन्नास मुलांच्या कोलाहलाने विचलित होत नाही. रान मात्र विचलित होते. मुलांना रान दाखवावे आणि ते दाखविताना रानाची हानी होऊ नये, हे दोन्ही हेतू साधावयाचे असतील तर सहलीची आखणी निराळ्या रीतीने करावी लागते.

या दृष्टीने भीमाशंकरचे उदाहरण उद्‌बोधक आहे. पुणे, रायगड आणि ठाणे या तीन जिल्ह्यांत पसरलेले सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९८५ मध्ये वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक येथे असल्याने यात्रेकरूंची वर्दळ सतत असते. भीमा नदीचा उगम येथलाच. पंढरपूरची चंद्रभागा ती हीच. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू याच रानात विद्यार्थ्यांना पाहावयास मिळू शकतो. शेकरूचे बहुतेक सारे आयुष्य झाडांवरच जाते. या फांदीवरून त्या फांदीवर लांब उडी घेत तो फिरतो, जमिनीवर क्वचितच उतरतो आणि काटक्या-पानांची एकाहून अधिक घरटी उंच झाडांवर बांधतो. झाडांचे शेंडे एकमेकांस भिडलेले असणे ही त्याची जगण्याची अट आहे. मधली चार झाडे गेली की त्याचा रस्ताच तुटतो. पर्यावरणाच्या पाठ्यपुस्तकातील परस्परावलंबनाचा धडा विद्यार्थ्याला येथे मान वर करून वाचता येतो.

वाटेची निवड

कोकणातून भीमाशंकरला चढून जाणाऱ्या दोन वाटा कर्जत तालुक्यातील खांडस गावाकडून निघतात. गणेश घाटाची वाट लांबची, पण तुलनेने सोपी; शिडी घाटाची वाट जवळची, परंतु कड्यावरील शिड्यांची आणि निसरड्या टप्प्यांची. या दोन्ही वाटा वरच्या पठारावर एकत्र येतात. धाडसी विद्यार्थ्यांना शिडी घाटाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु शाळेच्या तुकडीची वाट तिच्यातील सर्वांत बलवान मुलाकडे पाहून ठरवावयाची नसते. ज्याला धाप लवकर लागते, जिला उंचीचे भय वाटते, त्यांच्याकडे पाहून ती ठरवावयाची असते. शाळकरी मुलांसाठी गणेश घाटच योग्य, आणि पावसाळ्यात तर शिडी घाटाचा विचारही करू नये. जाण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घेणे आणि जिल्हा प्रशासनाचे काही मनाई आदेश लागू आहेत काय याची चौकशी करणे, ही शिक्षकांची पहिली जबाबदारी.

चालण्याचा क्रमही याच तत्त्वाने ठरतो. अग्रभागी स्थानिक वाटाड्या, त्याच्या पाठोपाठ सर्वांत हळू चालणारे विद्यार्थी, मध्ये इतर आणि अखेरीस एक जबाबदार शिक्षक, अशी रचना केल्यास तुकडी तुटत नाही. प्रत्येक थांब्यावर शिरगणती व्हावी. आठ-आठ जणांच्या टोळ्या करून प्रत्येक टोळीत पाणी, प्रथमोपचार, नोंदी, कचऱ्याची पिशवी अशी कामे वाटून द्यावीत आणि परतीच्या वाटेवर ती बदलावीत. टोळीचे नायकत्व वर्गातील हुशार मुलांकडेच जावे असे नाही. शेतकऱ्याच्या किंवा धनगराच्या घरातील जो विद्यार्थी वर्गात शेवटच्या बाकावर मुकाट बसतो, तोच रानात झाड पानावरून ओळखतो आणि पायवाट चुकली हे सर्वांआधी त्याच्याच ध्यानी येते. इतर मुले त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागतात. हा लाभ कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही; शिक्षकाला मात्र तो दिसला पाहिजे. ‘सर्वांत आधी वर कोण पोहोचले?’ हा प्रश्न शिक्षकाने कटाक्षाने टाळावा. तो विचारला गेला की सहलीची शर्यत होते.

शिस्तीचा हा आग्रह केवळ सुरक्षिततेसाठी नाही. विस्कळीत तुकडीमुळे रानाचीही हानी होते. मागे पडलेली मुले पुढच्यांना गाठण्यासाठी आडवाटेने चढतात आणि त्या आडवाटेवरून पुढील पावसाळ्यात माती वाहून जाते. हाकांचा गलका उठतो आणि शेकरू, पक्षी दूर निघून जातात. पाण्याचा हिशेब चुकतो व बाटल्या विकत घेतल्या जातात. त्या वाटेतच पडून राहतात. राज्यात २०१८ पासून अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी असली, तरी वेष्टनांचा कचरा रानात पोहोचतोच. शिदोरी फडक्यात किंवा डब्यात बांधून नेली तर मुळात कचराच होत नाही. वेचण्याचा कार्यक्रम करण्यापेक्षा हा उपाय अधिक शहाणपणाचा. माकडांना खाऊ घालण्याचा मोहही आवरावा. माणसाच्या हातचे खाण्यास सोकावलेले माकड पुढे पिशव्या हिसकावू लागते.

गावकऱ्यांचे रान

अभयारण्यात आणि त्याच्या सभोवती मुख्यत्वे महादेव कोळी समाजाची गावे आहेत. हिरड्याचा हंगाम हा येथील अनेक कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचा आधार. आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथील देवराईसारखी राने गावकऱ्यांनी देवाच्या नावे पिढ्यान्‌पिढ्या राखली. डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व शास्त्रीय जगापुढे मांडले. कोणताही कायदा नसताना जी झाडे टिकली, ती कोणी व कशी टिकविली, हे विद्यार्थ्यांनी गावातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकणे आवश्यक आहे.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यातील वनोपज नेण्यावर निर्बंध आहेत आणि अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटविणे हा गुन्हा आहे. हे निर्बंध स्थानिक माणूस वर्षभर पाळतो. त्याच रानात बाहेरून आलेल्या तुकडीने वाळलेल्या फांद्या मोडून शेकोटी करावी आणि भोवती गाणी म्हणावीत, हे दृश्य गावकऱ्याला कसे वाटत असेल? फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळा लागेपर्यंतचा काळ तर वणव्याचा. एक ठिणगी कारवीच्या वाळल्या झुडपांत आणि गवतात पडली, तर डोंगराचा उतार काही तासांत काळा होतो. शेकोटीचा कार्यक्रम सहलपत्रिकेतून काढून टाकावा, हे उत्तम. त्या वेळात एखाद्या गावकऱ्याकडून रानातील गोष्टी ऐकाव्यात.

ग्रामपंचायतींनीही या कामी पुढाकार घेणे इष्ट ठरेल. वाटाड्याचे मानधन, भोजनाचा दर, एका दिवशी किती विद्यार्थी यावेत याची मर्यादा, कचरा परत नेण्याची अट या गोष्टी वन विभागाशी विचारविनिमय करून ग्रामसभेत ठरविता येतात. त्या लेखी असल्या म्हणजे शाळेलाही घासाघीस करावी लागत नाही आणि गावातील तरुणांना हंगामी का होईना, काम मिळते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. अनेक ठिकाणी ही नोंदवही एकदा तयार होऊन कपाटात पडून राहते. विद्यार्थ्यांच्या टोळ्यांनी वाटेवरील ठरावीक झाडे, त्यांवरील शेकरूची घरटी, फुलोरा आलेल्या वनस्पती, आटलेले किंवा वाहते झरे यांच्या नोंदी तारीखवार कराव्यात आणि वाटाड्याकडून स्थानिक नावे तपासून घ्यावीत. त्यांची एक प्रत शाळेत आणि दुसरी ग्रामपंचायतीकडे राहिल्यास, पुढील वर्षी येणाऱ्या तुकडीला त्याच झाडांपासून आरंभ करता येईल.