उरलेले अन्न आणि जनावरांचे पोट

लग्नसराईत हळदीच्या व लग्नाच्या पंक्ती उठल्या की पातेल्यांत भात, पोळ्या, बुंदी शिल्लक राहते. अन्न वाया जाऊ नये या सद्भावनेने ते घमेल्यात घालून गोठ्यात नेले जाते. शेळ्या व गाई ते आवडीने खातात. आणि दुसऱ्या दिवशी एखादे दुभते जनावर आडवे पडलेले आढळते.

नवी मुंबईच्या परिसरात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली व ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर वसले. भातशेतीबरोबर पेंढा व चराऊ रानेही आटली. ज्यांनी अद्याप जनावरे राखली आहेत, त्यांना उरलेल्या अन्नाचा व बाजारातील पाल्याचा आधार वाटणे स्वाभाविक आहे. तो आधार घ्यावा, परंतु रीत जाणून घ्यावा.

अपाय का होतो?

गाय, म्हैस व शेळी ही रवंथ करणारी जनावरे होत. त्यांच्या कोठीपोटातील सूक्ष्म जंतू चारा सावकाश कुजवून पचवितात. शिजलेला भात, पाव किंवा गोड पदार्थ एकदम पुष्कळ पोटात गेल्यास ते झपाट्याने आंबतात व आम्ल वाढते. उपयुक्त जंतू मरतात, आम्ल रक्तात उतरते. कोंबडीला जो मूठभर ताजा भात सहज पचतो, तोच घमेलेभर खाल्ल्यास शेळीचा जीव घेतो.

लक्षणे

जनावर वैरण सोडते, रवंथ थांबते, डावी कूस फुगते. शेण पातळ व आंबूस वासाचे होते. पुढे डोळे खोल जातात, चाल लडखडते व जनावर बसून राहते.

काय द्यावे, काय टाळावे?

१. प्रथम सुका चारा द्यावा. उपाशी जनावरापुढे अन्न कदापि ठेवू नये.
२. ताजा भात वा पोळी शेळीस मूठभर, गाईस दोन-तीन मुठीच द्यावी. पोळ्याच्या सणाला बैलांना पुरणपोळीही एवढीच पुरे.
३. मटारची टरफले, फ्लॉवरचा पाला, केळीच्या साली धुऊन, चिरून, थोड्या प्रमाणात द्याव्यात.
४. कांदा ढिगाने घालू नये. त्याने गाईच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व लघवी काळपट लाल होते. हिरवे पडलेले व मोड आलेले बटाटेही वर्ज्य होत.
५. बुरशी आलेला पाव देऊ नये. बुरशीचे विष दुधातही उतरते.
६. अन्नातील प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबर व टाचण्या वेचून काढाव्यात.

तातडीचा उपाय

अन्न ताबडतोब दूर करावे व पशुवैद्यकास बोलवावे. १९६२ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. त्यांच्या सल्ल्याने खाण्याचा सोडा कोमट पाण्यातून पाजता येतो. मात्र आडव्या पडलेल्या जनावरास काहीही पाजू नये. पाणी फुप्फुसात जाऊन ते दगावते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लग्नसराईपूर्वीच गोठ्यागोठ्यांतून ही माहिती सांगावी. शिल्लक अन्न पुष्कळ असेल तर ते खतखड्ड्यात घालावे. तेथे त्याचे सोने होईल. गोठ्यात ओतले तर घरचे दुभतेच जाईल.