अंतिम सामन्याची आकडेवारी कशी वाचावी?
(महिला आशियाई चषक २०२२ : एक अभ्यास)

आशिया खंडातील महिला फुटबॉलची सर्वोच्च स्पर्धा, म्हणजे महिला आशियाई चषक, २०२२ साली महाराष्ट्रात भरली. सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाले. शिरूर व दौंड तालुक्यांतील वाचकांना विशेष आपुलकी वाटावी अशी गोष्ट म्हणजे, दोन्ही उपांत्य सामने ३ फेब्रुवारी रोजी आपल्याच जिल्ह्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात खेळले गेले. अंतिम सामना ६ फेब्रुवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाला. चीनने दक्षिण कोरियाचा ३–२ असा पराभव केला आणि नवव्यांदा चषक जिंकून आपलाच विक्रम उंचावला.

सरासरी, मध्यक, वारंवारता हे शब्द आपल्या मुलामुलींना गणिताच्या पुस्तकात भेटतात. त्यांचा खरा उपयोग कोणता, हे समजण्यास ही स्पर्धा उत्तम उदाहरण ठरावी.

१. धावफलकामागचा क्रम

अंतिम सामन्यातील गोलांची नोंद अशी आहे :

२७ वे मिनिट – चोई यु-री (कोरिया)
मध्यंतरापूर्वीची भरपाई वेळ – जी सो-युन, पेनल्टी (कोरिया)
६८ वे मिनिट – तांग जियाली, पेनल्टी (चीन)
७२ वे मिनिट – झांग लिनयान (चीन)
९० मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेतील तिसरे मिनिट – शियाओ युई (चीन)

‘३–२’ एवढाच निकाल वाचणाऱ्यास सामना अटीतटीचा झाला इतकेच कळते. प्रथमच अंतिम फेरी गाठलेला कोरियाचा संघ मध्यंतराला २–० असा पुढे होता, हे त्यातून कळत नाही. चीनने अवघ्या चार मिनिटांत बरोबरी साधली आणि निर्णायक गोल बदली खेळाडूने केला, हेही कळत नाही. बालेवाडीच्या उपांत्य सामन्यातही चीन जपानविरुद्ध दोनदा मागे पडला होता. वांग शानशानने ११९ व्या मिनिटाला २–२ अशी बरोबरी साधली आणि नंतर चीनने पेनल्टींवर ४–३ असा विजय मिळवला. अंतिम आकडा फलित सांगतो, पण त्या फलिताची वाट समजण्यासाठी काळाचा क्रम पाहावा लागतो.

२. नऊ विजेतेपदांची सरासरी

चीनने १९८६, १९८९, १९९१, १९९३, १९९५, १९९७, १९९९, २००६ आणि २०२२ या वर्षी चषक जिंकला. १९८६ ते २०२२ हा काळ ३६ वर्षांचा. छत्तीसला नऊने भागले की दर चार वर्षांस एक विजेतेपद, असे उत्तर येते. गणित बिनचूक आहे, परंतु चित्र खोटे आहे. पहिली सात विजेतेपदे तेरा वर्षांत सलग मिळाली आणि पुढील तेवीस वर्षांत केवळ दोन. २००६ नंतर सोळा वर्षे चीन विजयाविना राहिला, त्या काळात उत्तर कोरिया, ऑस्ट्रेलिया व जपान यांनी चषक नेला. म्हणून ‘नऊ’ हा विक्रम वैभवाचा जितका, तितकाच दीर्घ उतरणीनंतर पुन्हा उभे राहण्याचाही आहे.

३. सर्वाधिक गोल म्हणजे विजय नव्हे

स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे सात गोल ऑस्ट्रेलियाच्या सॅम कर हिने केले. तिच्या चार सामन्यांतील गोल अनुक्रमे ५, १, १ आणि ० असे आहेत. सरासरी १.७५ येते, मध्यक मात्र १. पाच गोल इंडोनेशियाविरुद्धच्या एकाच सामन्यातील असून तो सामना ऑस्ट्रेलियाने १८–० असा जिंकला होता. उपांत्यपूर्व फेरीत याच ऑस्ट्रेलियाला कोरियाने १–० असे हरवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या एम्बापेने तीन गोल केले. असा पराक्रम यापूर्वी फक्त इंग्लंडच्या जेफ हर्स्टने १९६६ साली केला होता. हर्स्टचा संघ जिंकला, एम्बापेचा पेनल्टींवर हरला.

४. तक्त्यातून गळालेली नोंद

या स्पर्धेचा यजमान भारत होता. २० जानेवारीला भारतीय मुलींनी इराणशी ०–० अशी बरोबरी केली. त्यानंतर संघात कोविडचा शिरकाव झाला. २३ जानेवारीला चिनी तैपेईविरुद्ध उतरण्यास पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत. नियमानुसार भारताने माघार घेतल्याचे मानण्यात आले आणि इराणविरुद्धचा सामनाही गुणतक्त्यात धरला गेला नाही. हीच स्पर्धा २०२३ च्या विश्वचषकाची पात्रता ठरवणारी होती, त्यामुळे ती वाटही तेथेच खुंटली.

गुणतक्ता पाहणाऱ्यास त्या नव्वद मिनिटांचा मागमूस लागत नाही. खेळ झाला होता, घाम गाळला गेला होता, परंतु मोजणीत तो आला नाही. कोणतीही आकडेवारी वाचताना ‘यात कोण मोजले गेले?’ या प्रश्नाइतकाच ‘कोण सुटले?’ हाही प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे. जनगणना असो, शाळेचा पट असो वा शिष्यवृत्तीची यादी असो, नोंदीबाहेर राहण्याची किंमत काय असते, हे आपल्या समाजास वेगळे सांगावयास नको.

५. आपल्यापुरता बोध

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी एवढे करावे. आपल्या गावच्या, तालुक्याच्या सामन्यांची वही ठेवावी. तीत तारीख, दोन्ही संघ, गोलाचे मिनिट आणि बदली खेळाडूंचीही नावे लिहावीत. मुलींचे सामने मुलांच्या सामन्यांइतक्याच काळजीने नोंदवावेत. शिरूर वा दौंडच्या एखाद्या मुलीचा पहिला गोल वर्तमानपत्रात येणार नाही. तो वहीत असेल, तरच पुढे कोणी तिच्या प्रगतीचा हिशेब मांडू शकेल.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१) चीनच्या लागोपाठच्या विजेतेपदांमधील वर्षांचे अंतर काढा. त्याची सरासरी व मध्यक यांची तुलना करा.
२) सॅम करच्या कामगिरीचे वर्णन करण्यास सरासरी योग्य की मध्यक? कारण लिहा.
३) आपल्या शाळेतील एका सामन्याची मिनिटनिहाय नोंद करा आणि केवळ निकालातून न कळणाऱ्या दोन गोष्टी सांगा.