एक पंगत

मुलांनो, शाळेचे दार उघडे असले म्हणजे ती सर्वांची झाली, असे आपल्याला वाटते. पण दूरच्या खेड्यातील गरिबाच्या मुलाने त्या दारापर्यंत पोहोचावे कसे? पोहोचला तरी त्याने राहावे कोठे? आणि त्याचा स्पर्शही विटाळ मानणारे लोक भोवती असतील तर?

हे प्रश्न भाऊराव पाटील यांना स्वस्थ बसू देईनात. १९१९ साली त्यांनी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. त्यास १९२७ साली गांधीजींच्या हस्ते राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

इमारत मिळणे एक वेळ सोपे. अवघड होती ती पंगत! निरनिराळ्या जातींच्या लोकांनी एका पाणवठ्यावर पाणी भरणेदेखील त्या काळी निषिद्ध होते. येथे तर एका चुलीवरचे अन्न सर्व जातिधर्मांच्या मुलांनी एका ओळीत बसून खावयाचे होते. कामेही मुलांनी वाटून घ्यावयाची.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या. पूर्वीचे संस्कार सोडणे त्यांना किती जड गेले असेल! तरी त्या या मुलांच्या आई झाल्या. मुलांच्या जेवणासाठी त्यांचे दागिने एकामागून एक गेले. एकदा घरात धान्य उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. भाऊरावांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंचे मात्र थोड्यांनाच.

आज सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क आहे. तो कायदा २००९ साली झाला. परंतु चाकांच्या खुर्चीवरील मुलीला शाळेच्या तीन पायऱ्यादेखील डोंगराएवढ्या असतात. पायऱ्यांशेजारी उतरण बांधली, की तीच मुलगी वर्गात सर्वांबरोबर पोहोचते.

बीडकडील ऊसतोडणी कामगारांच्या मुलांची अडचण निराळी. दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्यांच्या मुलखाकडे निघतात आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. म्हणून काही गावांत हंगामी वसतिगृहे चालतात. तेथे मुले मागे राहून शिकतात. बैलगाड्या दिसेनाशा झाल्या, की त्या संध्याकाळी घास घशाखाली उतरत नाही. मग शेजारच्या पाटावरचा सोबती आपल्या ताटातील भाकरी मोडून त्याच्यापुढे धरतो.