जनरल रजिस्टर आणि यंत्रातील नोंद



जनरल रजिस्टर कुलूपबंद कपाटात ठेवावयाचे, किल्ली मुख्याध्यापकांपाशी असावयाची व खाडाखोड करावयाची नाही, हे आपणांस पहिल्या नेमणुकीपासून ठाऊक आहे. २०१५ पासून त्याच मुलांची माहिती आपण 'सरल' प्रणालीत भरू लागलो. आता 'यू-डायस प्लस'मध्येही प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. या दुसऱ्या रजिस्टराचे कपाट कोठे आहे व किल्ली कोणाच्या हाती आहे, असे मात्र आपण क्वचितच विचारतो.

शहाड हा कारखान्यांचा परिसर. पोटासाठी दूरदूरच्या मुलखांतून आलेल्या कुटुंबांची मुले येथील शाळांत बसतात. एका शाळेत तपासणीच्या वेळी एका मुलीने माझ्यासमोर धडा अस्खलित वाचला. तिचे नाव पटावर पाहू लागलो, तेव्हा गुरुजी संकोचून म्हणाले, "साहेब, ती धरलेली नाही." आधारपत्रिकेवरील व रजिस्टरातील नावांत एका अक्षराचा फरक होता, म्हणून यंत्राने तिची नोंद अवैध ठरविली होती. संचमान्यतेसाठी आधार-वैध पट पाहिला जाऊ लागल्यापासून अशा फरकाने शिक्षकाचे पदही अडचणीत येऊ शकते. गुरुजींची धास्ती मला समजते. परंतु त्या धास्तीपोटी मुलीस 'न धरलेली' म्हणणे मला पटत नाही. आधार नाही म्हणून कोणत्याही बालकास शाळाप्रवेश नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे.

आता किल्लीविषयी. वेळ अपुरा, जाळे मंद. म्हणून शाळेचा पासवर्ड बाजारातील संगणकवाल्यास देऊन माहिती भरून घेतल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. आधार क्रमांकांसह वर्गाची यादी व्हॉट्सॲप गटावर टाकलेलीही पाहिली. (जनरल रजिस्टर कोणी असे चहाच्या दुकानात ठेवील काय?) दोष केवळ शिक्षकांचा नव्हे. २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या शासकीय मंचावरील दहा लाखांहून अधिक शिक्षकांची व सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षित साठवणीमुळे उघडी पडली होती, असे वृत्त जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी संमत झालेल्या व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. शाळांना काही सवलती असल्या, तरी यादी गटावर टाकण्याची मुभा त्यांतून मिळत नाही.

पुढील केंद्रसंमेलनापूर्वी प्रत्येकाने आपल्या वर्गाची यंत्रातील नोंद रजिस्टराशी पडताळावी. जेथे फरक आढळेल तेथे पालकांस बोलावून नाव त्यांच्याच तोंडून ऐकावे व कागदपत्रे पाहावीत. रजिस्टर परस्पर बदलू नये. दुरुस्ती रीतसर करावी. फरकांची यादी कागदावर, आधार क्रमांक न लिहिता, सोबत आणावी. पासवर्ड बाहेर कोणास दिला असल्यास तो त्याच दिवशी बदलावा.