फोल्डर उघडंना, तेव्हा

"सर, धाराशिवचं फोल्डर उघडंना गेलंय. ॲक्सेस डिनाइड म्हणायलंय."

२०२३ साली फेब्रुवारीत शहराचं आणि सप्टेंबरात जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बदललं. पाट्या, लेटरहेड, रबरी शिक्के बदलून झाले आणि मग एका कार्यालयात (कुठलं ते जाऊ द्या) कुणाला तरी आठवलं की सर्व्हरवर अजून 'उस्मानाबाद' नावाचं फोल्डर आहे. त्या उत्साही माणसानं 'धाराशिव' असं नवं फोल्डर काढलं. जुन्यातली निम्मी फोल्डरं कट करून त्यात टाकली. जेवून आल्यावर उरलेली कॉपी केली. दुसऱ्या दिवशी कळंबच्या शाखेतून बदलून आलेल्या मुलाला निम्मी फोल्डरं उघडत होती, निम्मी नव्हती.

अशा वेळी 'सगळ्यांना फुल कंट्रोल' देऊन मोकळं व्हायची फार इच्छा होते. हात आवरा. खालच्या क्रमानं जा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी स्क्रीनवरचा मजकूर शब्दशः वाचा. फोनवर ऐकलेल्यावर विश्वास ठेवू नका, मोबाइलवर फोटो मागवा. 'नेटवर्क पाथ सापडत नाही' असं असेल तर भानगड परमिशनची नाही, रस्त्याची आहे: लाइट जाऊन आल्यावर स्विच अडकला असेल, नाहीतर डेस्कटॉपवरचा शॉर्टकट अजून जुन्याच नावाकडे बोट दाखवत असेल. मुळात शेअर केलेल्याच फोल्डरचं नाव बदललं तर त्याचं शेअरिंगच सुटतं, ते पुन्हा करावं लागतं. फाइल 'रीड ओन्ली' उघडत असेल तर बहुधा पलीकडच्या टेबलावर कुणीतरी ती उघडी ठेवून चहाला गेलंय. सर्व्हरच्या 'शेअर्ड फोल्डर्स' मध्ये 'ओपन फाइल्स' बघितलं की नाव सापडतं. स्वच्छ 'ॲक्सेस डिनाइड' असेल तरच पुढे चला.

मग दोष माणसामागे जातोय की यंत्रामागे, ते बघा. त्याच मुलाला दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायला लावा. तिथं उघडलं, तर त्याच्या मशीनवर जुना पासवर्ड साठलेला असणार. 'क्रेडेन्शियल मॅनेजर' मधून ती नोंद काढा, मॅप केलेला ड्राइव्ह तोडा, पुन्हा जोडा. ऑफिसात पासवर्डशिवाय उघडणारा जुना नेटवर्क स्टोरेजचा डबा असेल आणि नवं विंडोज ११ आल्यावर तो दिसेनासा झाला असेल, तर फोल्डरच्या परमिशन चाळत बसू नका. नव्या आवृत्त्या अशा पाहुण्या लॉगिनला आत घेत नाहीत. डब्यावर रीतसर युजर आणि पासवर्ड तयार करा.

दोष माणसामागेच आला, तर आता दोन दरवाजांचा हिशोब. हा समजला की निम्मं काम झालं. तुळजापूरला राजे शहाजी महाद्वारातून कुणीही आत येतो, पण म्हणून गाभाऱ्यात जाता येत नाही. नेटवर्कवरून येणाऱ्यालाही असेच दोन दरवाजे लागतात: 'शेअरिंग' टॅबमधली परमिशन हे महाद्वार, 'सिक्युरिटी' टॅबमधली परमिशन हा गाभारा. दोन्हींतली जी कडक, ती चालते. गाभाऱ्यात फुल कंट्रोल दिलं आणि महाद्वारावर नुसतं 'रीड' असलं, तर माणूस फाइल वाचेल, सेव्ह मात्र होणार नाही. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलीय, कारण लोक एकच टॅब उघडतात.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा सर्व्हरवर फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये जा, 'सिक्युरिटी', मग 'ॲडव्हान्स्ड', मग 'इफेक्टिव्ह ॲक्सेस'. त्या मुलाचं नाव निवडा. गाभाऱ्यातल्या कुठल्या हक्कावर लाल फुली आहे, ते तिथंच दिसतं; महाद्वार मात्र 'शेअरिंग' टॅबमध्ये वेगळं बघा. यादीत 'डिनाय' दिसला तर थबका. एकाच पातळीवर थेट दिलेला 'डिनाय' नेहमी 'अलाऊ'ला हरवतो, आणि तो बहुधा कुणीतरी रागाच्या भरात लावून विसरलेला असतो.

आमच्या धाराशिव फोल्डरचं कोडं इथंच सुटलं. एकाच ड्राइव्हवर कट करून हलवलेलं फोल्डर आपल्याला थेट दिलेले जुने हक्क सोबत घेऊन जातं. कॉपी केलेलं फोल्डर नव्या घरचे हक्क घेतं. कट केलेल्या फोल्डरांवर जुन्या माणसांची नावं एकेक करून घातलेली होती, त्यात हा मुलगा नव्हता. कॉपी केलेली फोल्डरं सगळ्यांना खुली झाली होती, आणि त्यात पगाराचंही होतं. उघडत नसलेल्या फोल्डरची तक्रार पाच मिनिटांत येते. नको त्याला उघडणाऱ्या फोल्डरची तक्रार कुणीच करत नाही.

दुरुस्तीआधी 'सिक्युरिटी' टॅबच्या यादीचा फोटो काढून ठेवा. मग नावानं दिलेले हक्क काढून ग्रुप करा: हिशोब विभाग, कर्ज विभाग, असे. हक्क ग्रुपला द्या, माणसं ग्रुपमध्ये घाला. कामाला 'मॉडिफाय' पुरतो. 'फुल कंट्रोल' मिळालेला माणूस इतरांच्या परमिशनही बदलू शकतो. पगारासारख्या फोल्डरवर वरून येणारा वारसा तोडा आणि मोजक्यांनाच ठेवा. तोडताना आलेले हक्क राखायचे का, असं विंडोज विचारतं. राखा, आणि मग नको ते एकेक काढा, नाहीतर तुम्हीच बाहेर राहाल. 'सगळ्या पोटफोल्डरांच्या परमिशन बदला' अशा अर्थाची चौकोनी खूण मात्र वरच्या फोल्डरवर कधी करू नका; खाली थेट दिलेले सगळे हक्क एका झटक्यात पुसले जातात.

ग्रुपमध्ये घातल्यावर त्या मुलाला लॉगऑफ करून परत यायला सांगा. ग्रुपची नोंद लॉगिनच्या वेळीच घेतली जाते. हे न केल्यानं "केलं तरी होईना" असा दुसरा फोन हमखास येतो.

शेवटी दोन लॉगिननं तपासा. मुलाच्या लॉगिननं फाइल उघडा, एक अक्षर बदला, सेव्ह करा. मग पगाराशी संबंध नसलेल्या कुणाच्याही लॉगिननं पगाराचं फोल्डर उघडायला जा. तिथं 'ॲक्सेस डिनाइड' आलं, की सर्व्हरच्या खोलीला कुलूप लावून घरी जायला हरकत नाही.